पंधरा सेकंदांचा खवय्या

जपानी टीव्हीवर हा गृहस्थ सदानकदा जेवत असतो. जाहिरात बहुधा पंधरा सेकंदांची. तेवढ्यात त्याला भूक लागली पाहिजे, वाटी उचलली पाहिजे, डोळे विस्फारले पाहिजेत आणि ‘उमाई!’ (म्हणजे ‘चविष्ट!’) म्हणून ओरडायलाही हवं. सावकाश चावून खाणं त्याच्या नशिबातच नाही.

विकायचं काय, तर समुद्रशेवाळ, आंबवलेलं सोयाबीन, लोणची. सगळा आजीच्या फडताळातला माल. त्याची थोरवी गंभीर चेहऱ्याने सांगू लागलं, की पोरं चॅनेल बदलणार. म्हणून हा स्वतःचंच हसं करून घेतो. पदार्थाची मात्र टर उडवत नाही. भातावरची वाफ अगदी सोवळ्यात टिपली जाते.

या घराण्याचे मूळपुरुष विनोदी नट मिकी नोरिहेई. १९५८पासून ‘मोमोया’ कंपनीच्या जाहिरातींत त्यांचं व्यंगचित्र बागडलं, नाकावर चष्मा, आवाज खुद्द त्यांचाच. कधी ऐतिहासिक वीर, कधी काबुकी नाटकातला नायक; पराक्रम कुठलाही असो, गाडी शेवटी बाटलीतल्या काळ्या, गोडसर-खारट नोरीवरच, म्हणजे समुद्रशेवाळावरच यायची. १९९९मध्ये नोरिहेई वारले, पण चित्राला सुटी मिळाली नाही. मुलाने आवाज दिला. इतरांना बापाची इस्टेट मिळते, याला बापाचा चष्मा मिळाला!

नव्वदच्या दशकाअखेरीस ‘नागातानिएन’ कंपनीने एका तरुणाला ओचाझुके खायला बसवलं. भातावर नोरीची पुडी, वर गरम पाणी किंवा चहा. संवाद जवळजवळ नाहीच, नुसते भुरके. वाटीत नाक खुपसून, शेजारीपाजारी कोण आहे याची पर्वा न करता. माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक अभिनय हाच. इतरांचा ‘उमाई’ घास गिळायच्या आधीच बाहेर पडतो.

याच कंपनीला पुढे सुमो पैलवान ताकामिसाकारी सापडला. कुस्तीआधी स्वतःच्याच थोबाडीत मारणार, छातीवर गुद्दे हाणणार. जिंकला तर छाती काढून, हरला तर मान टाकून निघणार. त्याला वेगळा विनोद शिकवावाच लागला नाही. त्याच्या कुस्तीआधी कंपनीची निशाणं आखाड्याभोवती फिरत, म्हणजे जेवणाची जाहिरात मारामारीच्या आधीच सुरू.

सगळ्यांत कठीण नोकरी ‘मारुकोमे’ मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, जाहिरातीतल्या पोराची. डोक्याचा तुळतुळीत गोटा आणि हातात मिसोच्या सुपाची वाटी. पोरगं मोठं झालं की त्याला केस वाढवायची मुभा मिळते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला न्हाव्यापुढे बसवतात.