महामंदी येतेय, नॉमिनी भरलात का?

जग कोसळण्याची तारीख हल्ली दर पंधरवड्याला पुढे ढकलली जाते. यूट्यूबवरचे एक सद्गृहस्थ लाल बाण खाली जाताना दाखवतात, डोळे विस्फारतात, ‘बँका बुडणार, नोटांची रद्दी होणार’ असं बजावतात आणि सातव्या मिनिटाला स्वतःचा कोर्स विकायला काढतात. जग सहा महिन्यांत संपणार असतं, कोर्सची मुदत मात्र आजीवन. फी घेतात तीही रद्दी होऊ घातलेल्या रुपयांतच.

बघणारे मनावर घेतात. मग घरी खोकी येऊ लागतात. हातानं फिरवून चार्ज होणारा रेडिओ, पोटात दहा अवजारं बाळगणारा सुरा, डबक्यातलं पाणी गाळून देणारी नळी. अमेरिकेत ज्याच्या मागच्या अंगणातच जंगल सुरू होतं, त्याला यातलं काही उपयोगी पडतही असेल. डोंबिवलीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसानं सुरा घेऊन शिकार कुणाची करायची? कबुतरांची? त्यांना दाणे टाकायचे की नाही यावरच मुंबईत कोर्टकचेरी झालीय.

आपल्याकडचं कोसळणं एवढं नाट्यमय नसतं. ते एसएमएसनं येतं. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेच्या खातेदारांना ते २४ सप्टेंबर २०१९ ला आलं: पुढच्या सहा महिन्यांत खात्यातून फक्त हजार रुपये काढता येतील. म्हणजे दिवसाला साडेपाच रुपये. एवढ्यात कटिंगही येत नाही. चारच दिवस आधी कंपन्यांचा कर कमी झाल्याच्या आनंदात सेन्सेक्सनं एका दिवसात १९०० अंशांची उडी मारली होती. बाजार पेढे वाटत होता आणि मुंबईच्या उपनगरांत म्हातारी माणसं पासबुक छातीशी धरून बंद शटरसमोर उभी होती. नंतर मर्यादा दहा, पंचवीस, चाळीस, पन्नास हजार अशी वाढत गेली. बँकेनं वाटलेल्या कर्जातलं सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बिल्डर समूहाकडे अडकलं होतं, आणि ते झाकायला हजारो बोगस खाती रचली होती. पुण्यात रुपी बँकेचे खातेदार तर २०१३ पासून निर्बंधांत होते. पहिलीतलं पोर दहावीला आलं, तेव्हा कुठे २०२२ मध्ये निकाल लागला, आणि तो होता परवाना रद्द!

यातल्या कुठल्याच वेळी देश बुडाला नव्हता. तेव्हा तयारी करायचीच असेल तर डॉलरचं काय होणार हे अमेरिकेवर सोपवा आणि स्वतःच्या पासबुकापासून सुरुवात करा. ठेवींना विम्याचं संरक्षण आहे पाच लाखांचं. १९९३ पासून ते लाखावरच अडकलं होतं, पीएमसीचा फटका बसल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांवर आलं. पण हे पाच लाख दर खात्याला नसतात. एका बँकेतल्या सगळ्या शाखांत तुमच्या एकट्याच्या नावावर जे काही आहे त्याच्या बेरजेला, तेही मुद्दल आणि व्याज धरून, ते एकदाच मिळतात. ‘मी हुशार, एकाच बँकेच्या तीन शाखांत विभागून ठेवलेत’ असं सांगणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात. त्यांनी फक्त बसभाडं तिप्पट केलेलं असतं.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर असे निर्बंध आले की विम्याची रक्कम ९० दिवसांत हातात पडायला हवी. आता गणित करा. तीन महिने घर चालेल एवढा पैसा दुसऱ्या बँकेत असला पाहिजे. त्यासाठी कुठल्या गुरूचा कोर्स लागत नाही, कायद्यानंच तो आकडा सांगून ठेवलाय.

आणि पतसंस्था? तिथल्या ठेवींना हा विमा लागूच नाही. एक नाही, दोन नाही, शून्य. पण बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त, संचालक ओळखीचे आणि दिवाळीला घरपोच कॅलेंडर! महाराष्ट्रात एवढ्या तीन गोष्टींवर निवृत्तीची अख्खी पुंजी ठेवली जाते. वर तोच माणूस ‘शेअर बाजार म्हणजे सट्टा’ असंही ऐकवतो.

रुपयाऐवजी डॉलरवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी अर्जेंटिनाची एक गोष्ट. तिथल्या मध्यमवर्गानं शहाणपणा करून बचत डॉलरमध्येच ठेवली होती, पण बँकेत. डिसेंबर २००१ मध्ये सरकारनं बँकांना लगाम घातला: आठवड्याला अडीचशे पेसो, बास. पुढे डॉलरच्या ठेवी परस्पर पेसोत बदलल्या, एका डॉलरला १.४० या सरकारी भावानं. बाहेर बाजारात काही महिन्यांतच डॉलर तीन पेसोंच्या पुढे गेला होता. बायका पातेली बडवत रस्त्यावर उतरल्या. गल्लोगल्ली वस्तूंच्या अदलाबदलीचे अड्डे सुरू झाले.

मग लोक सोन्याकडे वळतात. सोनं वाईट नाही. १९९१ मध्ये आपल्या देशानंही घरातल्या बाईसारखंच केलं: परकीय चलन तीन आठवड्यांपुरतं उरलं, तेव्हा सुमारे ४७ टन सोनं परदेशी नेऊन गहाण टाकलं. हेच सोन्याचं खरं काम. ते मोठ्या अडचणीला, कर्जाला तारण म्हणून लागतं. त्यानं कोथिंबीर घेता येत नाही. दहा ग्रॅमचं वळं भाजीवाल्यापुढे ठेवलं तर तो सुट्टे कुठून देणार? सराफाकडे मोडायला गेलात तर घट, मजुरी, ‘ताई, हे जुनं टंच आहे’ वगैरे पुराण ऐकावं लागेल, आणि टंचाईच्या काळात त्या दुकानात तुम्ही एकटे नसाल.

म्हणून रोकड हवी. ती किती आणि कसल्या नोटांची, हे आपल्याला ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री शिकवलं गेलंय, पण परीक्षा संपली की अभ्यास विसरायची आपली जुनी सवय. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत, देवघराच्या मागे नवऱ्यापासून लपवलेल्या पाचशे-हजाराच्या नोटा त्या रात्री एकदम बाहेर आल्या. कित्येक घरांत नोटबंदीपेक्षा मोठा धक्का तो होता. त्या आठवड्यात राजा होती शंभराची नोट. नवी दोन हजाराची मिरवत आली खरी, पण तिला सुट्टे द्यायला कुणी तयार नव्हतं. २०२३ मध्ये तीही परत बोलावली. तेव्हा घरात दहा-पंधरा दिवसांचा बाजार होईल एवढीच रोकड ठेवा, पण ती पन्नासाच्या, शंभराच्या, दोनशेच्या नोटांत. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय काही तासांसाठी अनेकदा बसलं, तेव्हा पुण्या-मुंबईतली भलीभली माणसं वडापाव हातात धरून पुतळ्यासारखी उभी होती. वडा खाऊन झालेला नव्हता, म्हणून परत तरी करता येत होता.

आता धान्य. यात मात्र मला रस आहे, कारण इथे खरी गंमत होते. यूट्यूबच्या भक्तांनी परवा मॉलमधून गव्हाची पोती आणून दिवाणात सारली. मिरग बरसला की त्यात सोंडकिडे होणार, आषाढात रव्याला जाळी धरणार आणि जागतिक मंदी येईपर्यंत घरात प्राणिसंग्रहालय तयार. गहू भरायचा तो एप्रिल-मेच्या उन्हात. गच्चीवर जुनं धोतर पसरून दोन उन्हं द्यायची, मग सावलीत पूर्ण गार होऊ द्यायचा. कोमट असताना कोठीत ओतला तर पत्र्याला आतून घाम सुटतो आणि तळाचा गहू आंबूस होतो. बुडाशी आणि मधल्या थरात वाळलेला कडुलिंबाचा पाला. तांदळाला आणि तूरडाळीला एरंडेल, पण ओतायचं नाही. दोन्ही तळहातांना लावून दाणे चोळायचे, दाण्यावर नुसती चकाकी यायला हवी. हात सैल सुटला तर वरणाला वास आणि पोटाला वेग. हे ज्यांना येत होतं त्या आज्या गेल्या, आणि ज्यांना शिकायचंय त्यांच्या सोसायटीच्या गच्चीला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी मुलीकडे न्यू जर्सीला.

साठवायचं ते रोज जे खाता तेच, महिन्याभराचं जास्त. जुनं आधी काढायचं, नवं मागे भरायचं. घरात कुणी क्विनोआला शिवत नसेल तर मंदीत शिवेल, या भ्रमात राहू नका. आणि धान्यापेक्षा ते शिजवायचं कशावर याचा विचार आधी करा. २०२२ मध्ये श्रीलंकेनं एप्रिलात परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, त्याच्या आगेमागे लोक तासन्‌तास रांगेत होते ते गॅस सिलिंडर आणि रॉकेलसाठी. पेट्रोल क्यूआर कोड दाखवून आठवड्याच्या कोट्यानं मिळायचं. कागद आयात करायला डॉलर नाहीत म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे गेल्या (आपल्या पोरांना ही बातमी सांगू नका, ती लगेच मंदीच्या बाजूनं बोलू लागतील). सप्टेंबरात महागाईचा दर सत्तर टक्क्यांच्या घरात होता. तेव्हा भरलेला जोड सिलिंडर, पाइपचा गॅस असेल तर विजेची शेगडी, आणि रक्तदाब, थायरॉइड, मधुमेह यांच्या गोळ्यांचा एक महिन्याचा जादा साठा. सुऱ्याच्या किमतीत यातलं बरंच बसतं.

मुंबईतल्या मराठी माणसाला अर्थव्यवस्था कोसळणं बघायला परदेशी जायची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरातला पगार थांबला. काहींचा तो कायमचाच. संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा कधी झालीच नाही. तेव्हा लालबाग-परळच्या खोल्यांत कुणाकडे पाण्याची जादूची नळी नव्हती. पोरं गावी धाडली, गावचा तांदूळ मुंबईला आला, तांब्या-पितळेची भांडी गेली, बायकांनी खानावळी चालवल्या, शिवणयंत्रं घेतली. आणि वाण्याची वही होती. हातभर लांब, लाल कापडाची, जिच्यात ‘पुढच्या महिन्यात’ हे एकच कलम वर्षभर चालायचं. वाणी काही संत नव्हता. त्याच्याही गळ्याशी आलं, तेव्हा त्यानं वही मिटली. पण मिटेपर्यंत चूल पेटत होती.

आता दहा मिनिटांत दारात दूध टाकणाऱ्या ॲपला एकदा म्हणून बघा, ‘अहो, या महिन्यात जरा ओढाताण आहे.’ कोपऱ्यावरच्या ज्या किराणावाल्याकडे हे बोलता आलं असतं, त्याच्याकडे आपण हल्ली फक्त ॲपवर न मिळालेली कढीपत्त्याची काडी मागायला जातो. तीही फुकट.

एवढं सगळं झालं तरी मूळ काम राहतंच, आणि ते इतकं रटाळ आहे की जगबुडीवर व्हिडिओ बघत बसणं परवडतं. ते काम म्हणजे कागद. मार्च २०२४ अखेर बँकांनी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा केलेल्या, कुणीच दावा न केलेल्या रकमा ७८ हजार कोटींच्या पुढे होत्या. हा पैसा कुठल्या मंदीत गेला नाही, कुणी लुबाडला नाही, बँकाही धडधाकट आहेत. कुठे बाबा गेले आणि खातं कुठं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, कुठे खातंच विसरलं गेलं. नॉमिनीचा रकाना? ‘बघू नंतर.’ नोव्हेंबर २०२५ पासून तर एका खात्याला चार नॉमिनी ठेवायची सोय झालीय. आपल्या घरांत एका नावावर एकमत होईना, तिथे चौघं सुचवणाऱ्या अधिकाऱ्याला एकत्र कुटुंबाचा अनुभव दांडगा असावा किंवा मुळीच नसावा.

आमच्या सोसायटीनं मात्र हा विषय गांभीर्यानं घेतलाय. ‘आर्थिक आपत्ती सज्जता समिती’ स्थापन झाली. एक अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, एक मार्गदर्शक (तोच यूट्यूबवरचा कोर्स केलेले). दर फ्लॅटमागे दोन हजार रुपये गोळा झाले. पहिल्या सभेत समितीचं बोधचिन्ह ठरलं: छत्रीखाली रुपया. दुसऱ्या सभेत रक्कम कुठे ठेवायची यावर घनघोर चर्चा झाली, आणि कोपऱ्यावरच्या एका पतसंस्थेत सगळी रक्कम मुदत ठेवीत टाकायचं एकमतानं ठरलं. व्याज दीड टक्का जास्त आहे आणि मॅनेजर अध्यक्षांचे साडू आहेत. मुदत तेरा महिन्यांची. अडीअडचणीत पैसे आधी काढायचे झाले तर काय, असं कुणीतरी विचारलं. तसं करता येणार नाही, अध्यक्ष म्हणाले, व्याज बुडेल.