गावाला गेलेच नाहीत म्हणे!

ऐकलंत ना? विरारच्या बोळींजमधल्या नव्या टॉवरांतली मंडळी यंदाही मे महिन्यात गावाला गेली नाहीत! ना चिपळूण, ना कणकवली. कोकण रेल्वेच्या तिकिटासाठी पहाटेपासून रांग लावणारी हीच माणसं. लालबाग-परळची खोली सोडून विरारला यायचं ठरलं तेव्हा चेहरे कसे सुतकी झाले होते! ‘तिकडे माणसं राहतात का?’ इथपासून सुरुवात होती. आणि आता? रविवार उजाडला की टोप्या, छत्र्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन अख्खा मजला खाली. उलट दादरची भाचरंच सुट्टीला इकडे येतात. मामाचा गाव कुठला, तर विरार! काय दिवस आले बघा.

बरं, जातात तरी कुठे? एक कुटुंब वज्रेश्वरीला गेलं. मे महिन्यात! अंगाची काहिली होत असताना, गरम पाण्याच्या कुंडांवर! चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयासाठी देवीला नवस बोलला होता असं सांगतात. त्यांना निदान कारण होतं. यांचा नवस कसला? तर म्हणे, ‘दोन तासांत जाऊन येता येतं.’

पण खरं प्रकरण पुढे आहे. वैतरणा खाडीतली रो-रो! 2025 च्या एप्रिलपासून विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडे खारवाडेश्रीला गाडीसकट बोटीने जाता येतं. सफाळ्याच्या बाजूच्या लोकांचा महामार्गाचा लांबलचक वळसा वाचावा, यासाठी ही सोय. आणि आमची मंडळी काय करतात? स्कूटर बोटीवर चढवतात, पाव तासात पलीकडे उतरतात, टपरीवर चहा पितात आणि पुढच्या बोटीने परत! पलीकडे काम काय? काही नाही. नातेवाईक? कोणी नाही. ‘खाडीचा वारा छान लागतो हो,’ असं निर्लज्जपणे सांगतात. बोटीवर भाजीची पाटी घेऊन बसलेल्या मावशी यांच्याकडे कशा बघत असतील, याची मला कल्पना आहे. त्या काही वाऱ्यासाठी तिकीट काढत नाहीत.

वसईच्या किल्ल्यात तर विचारूच नका. 1739 साली मराठ्यांनी हा कोट पोर्तुगिजांकडून घेतला, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा नेल्या आणि त्यांतल्या काही आजही मराठी देवळांत आहेत. आताचे लोक काय नेतात? रील! भर दुपारी पायघोळ गाऊन घातलेली नवरीमुलगी पडक्या कमानीखाली उभी, आणि तिचा भावी नवरा घामाने चिंब. कोल्डप्ले नावाच्या विलायती मंडळींनी 2016 च्या एका गाण्याचं चित्रण इथे केलं, तेव्हापासून प्रत्येकाला वाटतं की भिंत आपल्यासाठीच पडली आहे.

आणि आगाशीचं भुजिंग! चिकन भाजून त्यात पोहे घालायचे, ही आम्हा इथल्या जुन्या लोकांची चाल. पूर्वी हे लोक नाक मुरडायचे, ‘पोह्यात कोंबडी?’ आता रांगेत आमच्याही पुढे. परवा तर एकजण मलाच समजावत होता, पोहे कुठले हवेत आणि सुकेळी कुठल्या वाडीतली घ्यायची! माझी आजी सुकेळ्यांसाठी केळी उन्हात घालायची, तेव्हा याचे वडील चर्चगेटच्या लोकलमध्ये उभे होते.

एवढं सगळं फिरतात, पण नालासोपाऱ्याचा स्तूप यांच्या गावीही नाही. बुरूड राजाचा कोट म्हणून जुने लोक ज्याला ओळखतात, तिथे 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलं आणि दगडी पेटीत ठेवलेला करंडक निघाला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्याच्या परिसरातच सापडले. स्टेशनपासून रिक्षाने जाता येतं. पण तिथे भेळ नाही, उंट नाही, मग कोण जातंय? ही मात्र खरीच लाजेची गोष्ट आहे, आणि ती आम्हा जुन्या माणसांच्याही वाट्याला येते. आमच्यापैकी निम्म्यांनी तो पाहिलेला नाही.

असो. नावं ठेवत असले तरी एक कबूल करते: झोपायला इथे आणि जगायला मुंबईत, अशी जी माणसं होती ती आता रविवारची इथेच असतात. वाडीवाल्याच्या ताडगोळ्यांना गिऱ्हाईक मिळतं, अर्नाळ्याच्या होडीवाल्याला फेऱ्या मिळतात. तेव्हा या, हिंडा, फोटोही काढा. फक्त अर्नाळा, राजोडी किंवा कळंबच्या पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळणीला भरतीची वेळ विचारा. या किनाऱ्यावर माणसं बुडालेली आहेत. आणि ताडगोळ्यांच्या साली वाळूत टाकू नका, आम्ही बघत असतो.