आडनावाला मुलगी झाली

१९८४ साली 'स्प्लॅश' नावाचा हॉलिवूडचा सिनेमा आला. त्यातल्या जलपरीला न्यूयॉर्कमध्ये माणसासारखं नाव हवं असतं. ती 'मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू'वरून मॅडिसन उचलते, तर नायक टॉम हँक्स म्हणतो, हे काही नाव नव्हे. प्रेक्षक हसले. १८०९ ते १८१७ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या जेम्स मॅडिसनचं आडनाव रस्त्याला शोभतं, बाईला नाही. विनोद तिथेच संपायचा, पण दुसऱ्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या यादीत मुलींच्या पहिल्या हजार नावांत मॅडिसन शिरली आणि २००१ साली थेट दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली. शेवटचा 'सन' म्हणजे मुलगा, हे कुणाच्याही आड आलं नाही. (आपल्याकडे मुलीचं नाव 'सरदेशमुख' ठेवायला सांगितलं, तर आत्या पाळणा सोडून आधी आईबापांची तब्येत विचारेल.)

सगळं खापर सिनेमावर फोडणं सोपं आहे. सिनेमाने फक्त पाटी दाखवली. चाल फार जुनी. विल्यम कॅम्डेन या इंग्रज इतिहासकाराने १६०५ मध्येच नोंदवून ठेवलंय की, आपल्याकडे हल्ली आडनावंच पोरांची नावं होऊ लागली आहेत. त्यामागे बहुतेकदा घराण्याचा हिशेब असे. इंग्लंडची नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे हिचा नवरा गिल्फर्ड डडली. त्याच्या आईचं माहेरचं आडनाव गिल्फर्ड. आजोळ वजनदार असेल, तर ते पोराच्या नावात बांधून ठेवलेलं बरं. आजच्या आईबापांनी यात एकच सुधारणा केली: आजोळ आपलंच असलं पाहिजे, ही अट काढून टाकली. आता घराणं फुकट आणि घरपोच मिळतं.

कुणी म्हणेल, घराण्याबिराण्याशी कुणाला देणंघेणं नाही, लोकांना नुसता नाद आवडतो. असेल. पण मग जॉन्सनने काय घोडं मारलंय? शेवटी तोच 'सन', आणि स्मिथच्या खालोखाल अमेरिकेत सर्वाधिक लोकांचं आडनाव. तरी 'आमची जॉन्सन' म्हणून कुणी लेकीचं कौतुक करत नाही. जे गल्लीत ढिगाने आहे, ते पाळण्यात नको. मेसन, कूपर, टायलर ही तर गवंडी, पिंपं करणारे आणि कौलं घालणारे यांची आडनावं, मग ती कशी चालतात, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. चालतात, कारण तो धंदा आता घरात कुणी करत नाही. कौलांवरून उतरल्याला चार पिढ्या झाल्या की कौलं घालणारासुद्धा खानदानी वाटतो.

गंमत पुढे आहे. शार्लट ब्राँटेने १८४९ च्या कादंबरीत नायिकेला 'शर्ली' हे तेव्हाचं पुरुषी नाव दिलं. आईबापांना मुलगा हवा होता, म्हणून. १९३० च्या दशकात बालतारका शर्ली टेंपलमुळे ते मुलींमध्ये एवढं पसरलं की मुलग्यांचे आईबाप त्या वाटेला जाईनासे झाले. एखादं नाव लेकींच्या नावे झालं की मुलगे तिथून बिऱ्हाड हलवतात. आता मॅडिसनच्या जोडीला केनेडी आणि रेगन हीसुद्धा अमेरिकेत मुलींची नावं झाली आहेत. राष्ट्राध्यक्षपदी बाई निवडून द्यायला तिथल्या मतदारांना अजून जमलेलं नाही. बालवाडीत मात्र डेमोक्रॅट केनेडी आणि रिपब्लिकन रेगन शेजारी बसून एकमेकींचे खडू पळवतात, आणि मॅडिसन बाईंकडे चुगली करते.