बरें म्हणणारे भाई

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत गावोगाव एक भाई असतात. नाव गावागणिक वेगळं, काम एकच: समोर येईल त्याला शेरा देणं. जत्रेतलं नाटक असो, लग्नाचं जेवण असो की नव्या सुनेनं केलेलं हुमण, भाईंचा शब्द पडेपर्यंत कोणाच्या जिवाला स्वस्थता नाही.

शब्द दोनच. 'बरें' आणि 'छान'. पाहुण्याला वाटतं 'छान' वरचढ, आणि तिथेच तो फसतो. घाटावर 'बरं' म्हणजे काठावर पास. गोव्यात 'बरें' म्हणजे पहिला वर्ग. इथे आभारसुद्धा 'देव बरें करूं' असे मानतात, आणि देवाकडे कोणी काठावरचे गुण मागत नाही. 'छान' मात्र भाईंना मराठी शाळेत मिळालेला, इस्त्री केलेला शब्द. घरात कोंकणी आणि व्यासपीठावर मराठी हा इथला जुना रिवाज, त्यामुळे 'छान' सत्काराला, श्रद्धांजलीला आणि खरं बोलणं परवडत नाही तिथे.

जत्रेत पालखी फिरून झाली की उशिरा दशावतार उभा राहतो. लिहिलेली संहिता नाही, नट संवाद जागच्या जागी रचतात. भाई पहिल्या रांगेत, शाल पांघरून, डोळे मिटून. (समाधी म्हणतात ते, भाभी वेगळं म्हणते.) पहाटे रंग पुसता पुसता राजा विचारतो, "भाई, कसें जालें?" "बरें," म्हणाले तर राजा सावंतवाडीपर्यंत हसत जातो. "छान झालं हो!" असं आलं, तर पुढच्या वर्षी दुसरी मंडळी.

भाईंच्या मुलाला पुण्याची मुलगी केली. विहीणबाईंनी खपून पुरणपोळ्या केल्या. तिसरी पोळी तुपात बुडवत भाई मनापासून म्हणाले, "बरी आसा." एवढी दाद त्यांनी सख्ख्या बहिणीलाही दिली नव्हती. विहीणबाईंनी चौथी वाढलीच नाही.

पुढे जावयानं त्यांना सगळा उलगडा केला. बाई हुशार. दिवाळीला चकल्यांचा डबा धाडला आणि फोनवर मुद्दाम विचारलं, "काय भाई, चकल्या बऱ्या झाल्यात ना?"

भाईंनी हातातली अर्धी चकली परत डब्यात ठेवली, घसा खाकरला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "छान आहेत हो! फारच छान!"