सरळ बोलतील तर शपथ

बीजगणितातल्या शाब्दिक उदाहरणांत राहणारी माणसं सरळ बोलतील तर शपथ. वय विचारावं, तर म्हणणार, "आज मी मुलाच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी दुप्पट होईन." अहो, छत्तीस म्हणा की! मुलगा बारा, तुम्ही छत्तीस, विषय संपला. पण नाही. दहावीच्या पोरांनी 'मुलाचे वय क्ष मानू' इथून सुरुवात करायची आणि अर्धं पान खर्ची घालून या गृहस्थांची जन्मतारीख उकरून काढायची. माझ्या भाचीनं अशाच एका उदाहरणाखाली 'आधार कार्ड मागा' एवढंच उत्तर लिहिलं. बाईंनी त्यावर लाल फुली मारली. पद्धतीचा निदान अर्धा मार्क द्यायला हवा होता.

हा आडपडदा जुनाच. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात दोन मित्र भेटतात. पहिला म्हणतो, "मला शंभर दे, मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन." दुसरा म्हणतो, "तूच मला दहा दे, मी तुझ्या सहापट होईन." उदाहरण सोडवलं की कळतं, पहिल्याकडे आहेत 40 आणि दुसऱ्याकडे 170. म्हणजे खिशात चाळीस आणि मागणी शंभराची! दुसराही काही कमी नाही. एकशे सत्तर बाळगून गरिबाच्या चाळिसातले दहा मागतोय. ताळा करा: 140 आणि 70, मग 30 आणि 180. हिशेब चोख. मैत्रीचं मात्र काही खरं दिसत नाही.

खुद्द आचार्यांनी तरी कुठे सरळ सांगितलंय? आपलं जन्मवर्ष त्यांनी शब्दांत दडवलं. रस म्हणजे 6, गुण म्हणजे 3, पूर्ण म्हणजे 0, मही म्हणजे 1. आणि वाचायचं उलटं. शके 1036, म्हणजे इसवी सन 1114. 'सिद्धांतशिरोमणि' लिहिला तेव्हा वय किती? छत्तीस! वरच्या तिप्पटवाल्या बाबांएवढंच.

उदाहरणांतल्या या मंडळींची एक खोड मात्र आपल्या पथ्यावर पडते. त्यांना गप्प बसवत नाही. 'मुलाच्या तिप्पट' एवढंच बोलून थांबले असते, तर दहा-तीस, बारा-छत्तीस, वीस-साठ, कुठलीही जोडी चालली असती. ब्रह्मदेवालाही वय सांगता आलं नसतं. पण दुसरं वाक्य तोंडातून निसटतं आणि चोर मुद्देमालासकट सापडतो. आचार्यांच्याच 'लीलावती'तल्या दोन संख्यांचं बघा. बेरीज 101, वजाबाकी 25. दोन्ही मिळवा, 126. निम्मे करा, 63. उरली दुसरी, 38. क्ष नाही, य नाही, दोन ओळींत कबुलीजबाब.

खरे मुरलेले लोक पुस्तकाबाहेर भेटतात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी म्हणाले, "गळतीचं काम आणि रंगकाम मिळून चार लाख." मी विचारलं, "कशाला किती?" ते म्हणाले, "आता असं बघा, दोन्ही खर्च दुप्पट धरले तर आठ लाख होतात." मी म्हटलं, "साहेब, हे तेच समीकरण झालं. आलेख काढलात तर रेषेवर रेष बसेल." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बरं, मग निम्मे धरा. दोन लाख."

सभेच्या इतिवृत्तात 'सदस्यांच्या शंकेचे तीन प्रकारे निरसन करण्यात आले' अशी नोंद आहे.