तीन नंबरच्या डिस्कला अनावृत पत्र

महोदया,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा आमच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळाने आपल्याला एकमताने दोषी ठरवलं. 'हार्ड डिस्कमध्ये तांत्रिक बिघाड झाल्यामुळे संस्थेचे कामकाज विस्कळीत झाले' एवढाच ठराव. सूचक, अनुमोदक, चहा. आपली बाजू मांडायला कोणी नव्हतं, आणि वकीलपत्र मीही घेतलं नाही. पण आरोपपत्र इतकं तोकडं असावं याचं वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे.

एक नंबरच्या डिस्कबद्दल कोणाचीच तक्रार नाही. ती बिचारी महिनाभर कुरकुरत होती, लॉगमध्ये रोज दोन ओळी लिहून जात होती आणि एका रात्री रीतसर गेली. चारांतली एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर हिशोबाने परत काढता येतो, हीच तर आपल्या चौघींच्या अ‍ॅरेची, म्हणजे रेड-५ पद्धतीने जोडलेल्या संचाची, सोय. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कलीत ही कल्पना मांडली : एक महागडी डिस्क घेण्याऐवजी स्वस्तातल्या अनेक घ्या आणि त्यांतली एखादी मरेल हे गृहीत धरून चाला. आमच्या खरेदी समितीने यातला पहिला अर्धा भाग मनापासून अमलात आणला.

नवी डिस्क बसली, गेलेलीचा मजकूर तिच्यावर उतरवणारं रिबिल्ड सुरू झालं. आता आपण तिघींनी एकच काम करायचं होतं. जवळचा प्रत्येक सेक्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचून दाखवायचा. एरवी आपल्याला एवढं कोण वाचायला लावतं? सभासद येतो, त्याचं खातं उघडतं, चार पानं वाचली की झालं. जुन्या, बंद झालेल्या कर्जखात्यांच्या कोपऱ्याकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकलेलं नव्हतं. आपण निम्म्याच्या पुढे झकास आलात आणि नेमक्या अशाच एका कोपऱ्यात अडखळलात. मग तो आवाज. टक्, टक्, टक्. अ‍ॅरेने आपल्याला बाहेर काढलं, आणि चारांतल्या दोन गेल्यावर रेड-५ जवळ हिशोब करायला काही उरत नाही. सर्व्हर बंद, डेटाबेस बंद. पासबुक भरून घ्यायला आलेल्यांची रांग मात्र चालू.

वेळ निवडण्याचं आपलं कौशल्य वाखाणण्याजोगं आहे. योगायोग म्हणाल तर तो मी मानत नाही. चौघी एकाच खोक्यातून आलात, अनुक्रमांक सलग, चालूही एकाच दिवशी झालात आणि त्याच बिनपंख्याच्या खोलीत तेच उन्हाळे काढलेत. कंपनीने तर सगळं आधीच कबूल करून ठेवलं होतं. १० चा १४ वा घात इतके बिट वाचताना एखादा सेक्टर न वाचता येणं धरून चालावं, असं आपल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेलं आहे. तेवढे बिट म्हणजे १२.५ टेराबाइट. आपण तिघी प्रत्येकी ४ टेराबाइटच्या, म्हणजे रिबिल्डला वाचायचे १२. गणित चौथीतलं आहे. पण त्याच पत्रकात वर, ठळक अक्षरांत, १० लाख तासांचं सरासरी आयुष्य आहे. म्हणजे ११४ वर्षं! आमच्या अध्यक्षांनी वाचलं ते तेवढंच.

या ११४ वर्षांचा पंचनामा २००७ सालीच झालेला आहे. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन (हो, तेच गिब्सन) यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. १० लाख तासांच्या हिशोबाने वर्षाला शंभरांत एकही डिस्क बदलावी लागायला नको. प्रत्यक्षात २ ते ४ सर्रास बदलाव्या लागत होत्या, आणि काही ठिकाणी हा आकडा १३ पर्यंत गेला होता. शिवाय डिस्क आपापल्या स्वतंत्र मुहूर्तावर मरत नाहीत, एकीच्या पाठोपाठ दुसरी जाण्याची शक्यता वाढलेली असते, हेही त्यांना दिसलं. त्याच वर्षी गूगलच्या अभ्यासकांनी स्वतःकडच्या डिस्कचा हिशोब मांडला. मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी मरण्याआधी 'स्मार्ट' या स्वयंतपासणीच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवलेली नव्हती. आपल्यावरचाही शेरा आदल्या संध्याकाळपर्यंत 'पास' असाच होता. अशी हसतमुख रुग्ण आम्ही दुसरी पाहिली नाही.

आता मुख्य आरोप. डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री ११ वाजता, न चुकता, यशस्वीपणे होत होता. तो कुठे होत होता? आपल्याच चौघींवर, शेजारच्या पार्टिशनमध्ये. तिजोरीची दुसरी किल्ली त्याच तिजोरीत ठेवावी तसा. वेगळ्या ठिकाणी बॅकअप ठेवण्यासाठी एक यंत्र घ्यावं, हा प्रस्ताव दोन वेळा सभेपुढे गेला आणि 'आपल्याकडे चार डिस्क आहेत ना?' या बिनतोड प्रश्नावर दोन्ही वेळा बसला. महोदया, चार डिस्क सर्व्हर चालू ठेवण्यासाठी असतात. कारकुनाने चुकून टेबल पुसलं, तर चौघी मिळून तेही तत्परतेने पुसतात. पण हे आपल्याला सांगून काय उपयोग? आपण सभासदही नव्हतात.

पुढची हकिगत आपल्याला ठाऊक नसणार, तेव्हा सांगतो. सर्व्हर विकणाऱ्याचा माणूस आला आणि म्हणाला, "अ‍ॅरे नव्याने तयार करून बघू, बहुतेक चालू होईल." नव्याने तयार केल्याने अ‍ॅरे चालू होतो हे खरं आहे, फक्त त्यावर पूर्वीचं काही उरेल याची हमी नसते. त्याला चहा पाजून दुसऱ्या खोलीत बसवला. मग चौघींवर चिकटपट्टीने आपापला नंबर लावला आणि एकेकीची सेक्टरनिहाय प्रत काढायला घेतली. 'डीडीरेस्क्यू' हा त्यासाठीचा मोफत प्रोग्रॅम मोठा समंजस आहे. आधी जे सहज वाचता येतं ते वाचून घेतो, अडलेली जागा नकाशात टिपून पुढे सरकतो आणि सगळं आटोपल्यावर त्या जागांकडे चिवटपणे पुन्हा पुन्हा वळतो. साधी कॉपी कमांड पहिल्याच खड्ड्यात पाय मोडून बसली असती. आपण थंड असताना थोडं वाचायचात, तापलात की टकटक. शेवटी थोडेसे सेक्टर सोडून बाकी सगळं दिलंत, एवढं श्रेय आपल्याला द्यायलाच हवं. त्या प्रतींवरून अ‍ॅरे जुळवला. मूळ डिस्कना पुन्हा हात लावला नाही.

अ‍ॅरे उभा राहिला म्हणून डेटाबेस उभा राहतो थोडाच. आमच्या मायएसक्यूएल डेटाबेसचं साठवणीचं इंजिन, इनोडीबी, १६ किलोबाइटच्या पानांत लिहितं आणि प्रत्येक पानावर पडताळणीचा आकडा असतो. न वाचलेल्या सेक्टरांच्या जागी शून्यं, म्हणजे त्या पानांचा आकडा जुळेना आणि सर्व्हर सुरू होताच कोसळे. अशा वेळी सक्तीच्या रिकव्हरीची एक सेटिंग असते, १ ते ६. इंटरनेटवरचे हितचिंतक थेट ६ टाकायला सांगतात. ४ पासूनच डेटा कायमचा बिघडू शकतो, असा इशारा मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्येच आहे. आम्ही प्रतीचीही प्रत काढली आणि १ वर सुरू केलं. एकेक टेबल बाहेर काढलं. व्हाउचरच्या टेबलातली काही पानं गेलेलीच होती, तिथे क्रमांकाच्या अलीकडचं आणि पलीकडचं वेगळं काढून मधली भोकं कागदावर लिहून ठेवली.

ती भोकं कोणी बुजवली? लेखापरीक्षकाने हक्काने मागून पेनड्राइव्हवर नेलेला ३१ मार्चचा डेटा, हा आमच्या संस्थेचा एकमेव खरा बॅकअप निघाला, आणि तो कोणीही बॅकअप म्हणून घेतलेला नव्हता. त्यापुढचं पिग्मी एजंटांच्या हातातल्या मशीनमधून आणि कागदी व्हाउचरच्या गठ्ठ्यांतून आलं. हिशेबनीस बाई रोजकीर्दीच्या जुन्या छापील प्रती जपून ठेवतात म्हणून त्यांची आजवर टिंगल होत असे. त्यांनीच व्हाउचर एकेक करून पुन्हा चढवली आणि तेरीज जुळेपर्यंत घरी गेल्या नाहीत. सभेच्या अहवालात त्यांचं नाव नाही. आपलं आहे.

मन खट्टू करून घेऊ नका, मोठ्यांकडेही हेच चालतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नसल्याचं उघड झालं. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढून ठेवलेल्या एका प्रतीने त्यांना वाचवलं. त्यांनी मात्र सगळी हकिगत, स्वतःच्या चुकांसकट, जगापुढे मांडली. आमच्याकडे 'तांत्रिक बिघाड' पुरतो.

आता शिक्षेबद्दल. आपल्याला भंगारात देता येत नाही. आपल्या तबकड्यांवर सभासदांचे आधार क्रमांक, सह्या आणि कोणी किती थकवलं याची यादी अजून शाबूत आहे. तेव्हा आपलं नाव डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढवून आपल्या आरपार चार भोकं पाडावीत, असं ठरलं आहे. त्यासाठी ड्रिल मशीनची खरेदी त्याच सभेत, तीन कोटेशनांशिवाय, तातडीची बाब म्हणून मंजूर झाली. वेगळ्या बॅकअप यंत्राचा विषय वेळेअभावी पुढील सभेवर गेला आहे.

आपला,
संगणक विभाग (एकूण कर्मचारी : एक)