सौ. कासवबाईंस अनावृत पत्र

सौ. ऑलिव्ह रिडले कासवबाई, मुक्काम अरबी समुद्र, यांस,

स. न. वि. वि.

आम्ही एकांतप्रेमी. अलिबाग-गणपतीपुळ्याला हल्ली फार गर्दी असते, म्हणून विचारत विचारत वेळास, केळशी, आंजर्ल्याच्या पुळणीवर येऊन ठेपलो. काय ती शांतता! आमच्या तीन गाड्या आणि एक स्पीकर सोडला तर चिटपाखराचा आवाज नाही. अशा जागी सुरूच्या बनातल्या वाळक्या काटक्या गोळा करायच्या, जाळ करायचा, कोंबडी भाजत ठेवायची. आणि नेमक्या तेव्हाच तुम्ही!

बाई, तुमचं वेळापत्रकच चुकलंय. नोव्हेंबर ते मार्च हा काय अंडी घालायचा काळ झाला? थंडी आमची, थर्टी फर्स्ट आमचा. भर जुलैत या की. तेव्हा आम्ही लोणावळ्याला धबधब्याखाली असतो.

येता त्याही रात्री, अंधारात. भरतीरेषेच्या वर सरपटत यायचं, दीडेक फूट खड्डा खणायचा, शंभरेक अंडी घालायची, वाळू थापायची आणि मागे न बघता समुद्रात. त्यात उजेड किंवा माणसांची हालचाल दिसली की अंडी न घालताच आल्या पावली परत. इतका मानीपणा बरा नव्हे. एक सेल्फीच तर मागत होतो!

पोरांनाही तुम्ही काही वळण लावलेलं नाही. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी ती वाळूतून वर येतात आणि उजेडाकडे धावत सुटतात. रात्री समुद्राकडची बाजू उजळ असते, एवढीच त्यांची अक्कल. शेकोटी दिसली की समुद्राला पाठ करून आमच्याकडे. आता नाचताना पायाखाली कोण कोण बघणार?

गावकरी म्हणतात, निदान जाळ पाण्याने विझवा. समुद्र पन्नास पावलांवर आहे, मान्य. पण बादली कुणी आणायची? आम्ही पायाने वाळू लोटतो. वरून सगळं गार दिसतं, निखारे आत पहाटेपर्यंत धगधगतात. रापण ओढायला अनवाणी आलेल्या कुणाचा पाय पडलाच, तर त्याने चपला घालायला हव्या होत्या. आमच्या बाटल्यांच्या काचा असतातच तिथे, चपला तशाही बऱ्या.

वेळासकरांनी मात्र तुम्हाला फार लाडावलंय. तुमची अंडी उचलून कुंपणाआड पुरतात, पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ पाण्याकडे सोडतात. 2006पासून तर त्याचा महोत्सवही असतो. आम्ही गेलो होतो. दोरीमागे उभं राहा, फ्लॅश मारू नका, बोलू नका! अहो, पदरचे पैसे मोजून गप्प बसायचं? शांतता हवी म्हणजे इतकी नको होती. वर 1972च्या वन्यजीव कायद्यात तुम्ही पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीला. ओळख बरीच वरपर्यंत दिसते.

तरी विनंती की, येत्या हंगामापासून अंडी सकाळी नऊच्या सुमारास घालावीत. त्या वेळी आम्ही खोलीवर झोपलेले असतो. जमणार नसेल तर दुसरा एखादा निर्मनुष्य किनारा शोधावा, आणि सापडताच तो कुठे आहे ते आम्हालाही कळवावं. लगेच निघतो.

आपला,
एक एकांतप्रेमी (सोबत अकरा जण)